हवेची जागा

कॅल्युमेट, मिशिगन. बाहेर उणे सव्वीस.
तळमजल्यावर रेडिएटर चटके देतायत
आणि वर, माझ्या उशाशी,
पेल्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा.

पाइपवाला गुरुवारी येणार. आज सोमवार.
म्हणून अकरा महिन्यांनी वॅलीला फोन लावला.
तो टूसॉनला असतो, निवृत्त, दोन्ही गुडघे बदललेला.
लोकांच्या तळघरांत वाकण्यात चाळीस वर्षं गेली त्याची.
कशी आहेस नाही, काही नाही.
'सुई कितीवर?'

'आठ.'
'बारा हवी. आठाच्या जोरावर पाणी जिना चढतं,
पण शेवटच्या चार पायऱ्यांवर बसकण मारतं.
सेफ्टी व्हॉल्व्हखाली काय ठेवलंयस?'
'बादली.'
'कधीपासून?'
'नाताळपासून.'
'आणि रोज नवं पाणी भरतेस.'
'भरते.'
'शाबास, इम्पी.'
हे तो बापाच्या आवाजात म्हणाला.

नव्या पाण्यासोबत नवी हवा येते.
जुनं पाणी गप्प असतं, त्याची हवा केव्हाच निघून गेलेली.
त्याला उगाच छेडू नये.

मग म्हणाला, फोन पाइपला लाव.
लावला.
तळघरात उभी राहून मी भावाला घर ऐकवलं,
कागदोपत्री माझं.
इतका वेळ तो बोलला नाही की वाटलं, लाइन गेली.

'पंप ठीक आहे. आता वर बघ,
तुळयांच्या मधे करडी टाकी. बोटाच्या पेरानं वाजव.'
खालून वाजवली: भद्द.
वरून वाजवली: भद्द.
'वरून पोकळ वाजायला हवी होती.
पाणी तापलं की फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते.
तुझी टाकी गच्च भरलीय,
आणि जिथं पाणी पोचायला हवं तिथं हवा जाऊन बसलीय.
बिघाड असा काही नाही.
हवेची जागा चुकलीय.'

बॉयलर बंद केला. गार व्हायला दोन तास.
दोन तास काय बोलणार? फोन ठेवला.
सव्वा तासानं त्यानंच केला.

टाकीकडे येणारी चकती आवळली, नळी लावली, तोटी सोडली.
गंजकट पाणी आलं, अडलं,
मग टाकीनं हवा गिळायला सुरुवात केली,
घुटुक्, घुटुक्, बऱ्याच दिवसांची उपाशी.
'येतंय ऐकू,' वॅली म्हणाला.

सुई बारावर आणून वर गेले.
रेडिएटरच्या कानाशी छोटा चौकोनी खिळा असतो.
'त्याची किल्ली?'
'हरवली.'
'चौकोनी भोकाची कुठलीही चालेल.'
ड्रॉवर उघडला. बटणं, रबरबँड, आईचा एका काडीचा चष्मा.
'घड्याळाची चालेल?'

घड्याळ त्याच्याकडे आहे.
आईच्या दफनानंतर ब्लँकेटात गुंडाळून
मागच्या सीटवर पट्टा लावून नेलं त्यानं, माणसासारखं.
किल्ली तेवढी सापडत नव्हती.
शोधून पाठवते, मी म्हणाले होते.
ती माझ्या एप्रनच्या खिशात होती.

'चालेल,' तो म्हणाला, जरा वेळानं.
'पाव फेरा. जास्त नको.'

सुस्कारा निघाला, लांबलचक,
जुन्या नाण्यांच्या वासाचा.
मग थुंकल्यासारखं फस्फस,
मग मनगटावर काळं पाणी.
'बंद कर. बॉयलर लाव आणि वाट बघ.'

लोखंड खालून वर हळूहळू तापत गेलं,
आधी एक खांब, मग शेजारचा.
मी मोज्यातली बोटं त्याला टेकवून बसले.
फोन कुणीच ठेवला नाही.

'तिकडे किती वाजलेत?' मी विचारलं.
'खरे, की घड्याळात?'
'घड्याळात.'
'चार वीस.'

मी किल्ली स्कर्टला पुसली.